बॅटऱ्यांची पंगत

आमच्या घराच्या मागच्या गॅलरींत दोन भाजक्या विटा, त्यांवर शहाबादी फरशीचा एक तुकडा, शेजारीं कोरड्या वाळूनें भरलेली बादली आणि एक जुनी वेताची खुर्ची असा सरंजाम कायमचा मांडलेला असतो. नवीन येणारे गृहस्थ तो पाहून, या घरांत कसला तरी होम चालत असावा अशा समजुतीनें दोन पावलें मागें सरतात. त्यांची समजूत अगदींच चुकीची नाहीं. फरक इतकाच कीं, आमच्या होमांत अग्नि प्रकट होऊं नये म्हणून ही सगळी मांडामांड आहे. त्या फरशीवर मी माझ्या छोट्या विमानांच्या लिथियम-बॅटऱ्या चार्ज करतों. आणि त्याहि एकेक नव्हे, तर तीन-तीन मिळून एकदम.

या छंदाचा हिशोब बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो आम्हांला वेड्यांत काढील. दहा मिनिटें विमान उडवावें आणि त्यासाठीं तासभर बॅटरी चार्ज करावी असा हा व्यवहार आहे. रविवारीं पहांटे गांवाबाहेरच्या माळावर जाऊन मनसोक्त उडवावयाचें तर निदान सहा बॅटऱ्या भरलेल्या हव्यात. त्या एकामागून एक चार्ज करावयाच्या म्हणजे शनिवारची संध्याकाळ आणि बरीचशी रात्र मिळून सहा-सात तास चार्जरच्या सेवेंत घालवावे लागतात. संसारी मनुष्याला हें परवडत नाहीं. मग कोणी तरी अनुभवी मित्र युक्ति सांगतो: बाजारांत एक लहानशी पाटी मिळते, तिला आमच्यांत पॅरलल बोर्ड म्हणतात, तिच्यावर सहाहि बॅटऱ्या शेजारीं शेजारीं लावाव्या, चार्जर एकच जोडावा, कीं तास-सव्वा तासांत सगळ्या तयार! युक्ति खरी आहे. तींत लबाडी नाहीं. परंतु तिच्याबरोबर जीं चार वाक्यें सांगावयाचीं असतात तीं सांगणारा बहुधा विसरतो, आणि ऐकणारा तर इतका हर्षभरित झालेला असतो कीं, सांगितलीं तरी तीं त्याच्या कानांत शिरत नाहींत.

‘बॅटरी’ या शब्दाचा जन्मच मुळीं समुदायांतून झाला आहे. १७४९ सालीं अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिन यानें खिडकीच्या कांचेचीं अकरा तावदानें घेतलीं, त्यांना शिशाचे पातळ पत्रे लावले आणि तीं एकत्र जोडून त्या मांडणीला ‘विजेची बॅटरी’ म्हटलें. तोंपर्यंत हा शब्द तोफांच्या रांगेला लावीत असत. पुढें व्होल्टानें १८०० सालीं आपली सुप्रसिद्ध चळत रचली तेव्हां तिलाहि तेंच नांव चिकटलें. आणि आज विजेरींतल्या एकुलत्या एका सेललाहि आपण बॅटरी म्हणून मोकळे होतों. आमच्या विमानाची बॅटरी मात्र त्या जुन्या अर्थाला जागून आहे. रुपेरी वेष्टनांतल्या तीन चपट्या सेलांची ती एक जुडी असते. प्रत्येक सेलचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. तिन्ही सेल एकसर जोडलेले असल्यामुळें जुडीचा दाब तिप्पट, म्हणजे भरल्यावर १२.६ व्होल्ट. तिला दोन शेपट्या असतात. एक जाड तारांची. तिच्यांतून मोटारीला प्रवाह जातो. दुसरी चार बारीक तारांची. तिच्यांतून चार्जर प्रत्येक सेलची निरनिराळी विचारपूस करतो आणि तिघांना एका बरोबरींत आणतो.

एकसर आणि समांतर या दोन जोडण्या शाळेंत शिकविल्या जातात आणि परीक्षा झाली कीं सर्वांच्या डोक्यांतून जातात. मला त्या दोन चित्रांनीं लक्षांत राहिल्या आहेत. एकसर जोडणी म्हणजे गोपाळकाल्याच्या दिवशीं गोविंदांनीं रचलेला थर. एकाच्या खांद्यावर दुसरा चढतो आणि उंची वाढते. समांतर जोडणी म्हणजे पंगत. पंगतींत कितीहि पानें मांडलीं तरी बसणाऱ्यांची उंची वाढत नाहीं, फक्त अन्न अधिक लागतें. तीन सेलांच्या तीन बॅटऱ्या समांतर लावल्या कीं, चार्जरच्या दृष्टीनें ती एकच बॅटरी होते. तिचा दाब पूर्वींइतकाच राहतो. पोट मात्र तिप्पट मोठें होतें. चार्जर हा वाढपी. तो पंगतीकडे पाहून वाढतो, पानांकडे पाहून नव्हे.

माणसांच्या पंगतींत भेद करूं नये, हें ऐकत आणि मानीत आमची पिढी वाढली. बॅटऱ्यांच्या पंगतींत मात्र मी कट्टर सोंवळ्याचा भोक्ता आहे. तीन सेलांच्या पंगतीला चार सेलांची बॅटरी चालत नाहीं. पूर्ण भरलेल्या स्थितींत त्यांच्या दाबांत ४.२ व्होल्टांचा फरक असतो, आणि तीन सेलांच्या बिचारीला तो सोसणें शक्य नसतें. लिथियम-पॉलिमरच्या रांगेला लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी चालत नाहीं. कारण तिचा सेल ३.६५ व्होल्टांवरच तृप्त होतो आणि त्यापुढें वाढलेलें त्याला बाधतें. फुगलेली, खरचटलेली, जमिनीवर आपटलेली बॅटरी तर कोणत्याच पंगतीला चालत नाहीं. गंमत अशी कीं, नवशिका ज्या भेदाला सर्वांत अधिक भितो तो मात्र येथें निरुपद्रवी आहे. १३०० मिलिअँपिअर-तासांची लहान बॅटरी आणि २२०० ची मोठी, जात आणि सेलांची संख्या एक असली, तर खुशाल मांडीला मांडी लावून बसतात. एकाला दोन पोळ्या लागतात, दुसऱ्याला चार. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. जिचें पोट मोठें तिच्याकडे प्रवाह आपोआप अधिक जातो.

खरा प्रश्न भुकेचा नाहीं. जेवण कोठवर आलें आहे याचा आहे. एकाचा ताकभात चालू आणि दुसऱ्याचा अजून वरणभातहि व्हावयाचा, अशा दोघांना शेजारीं बसविलें तर माणसांत फार तर थोडी कुचंबणा होते. बॅटऱ्यांत तसें होत नाहीं. ज्या क्षणीं आपण त्या एकमेकींना जोडतों त्या क्षणीं भरलेली बॅटरी रिकामीच्या पानांत स्वतःच वाढूं लागते. चार्जरचें बटण दाबण्याचीहि ती वाट पाहत नाहीं. हें मला पॅरलल बोर्डाविषयींचें सर्वांत महत्त्वाचें वाक्य वाटतें. लोक चार्जरवर डोळे लावून बसतात. आणि धोक्याची पहिली घटका चार्जर चालू होण्यापूर्वींच येऊन गेलेली असते.

माझा एक भाचा या छंदांत नुकताच पडला आहे. उत्साह दांडगा, नोकरी यंत्रांचीच, तेव्हां मामानें शिकवावें असें त्याला फारसें कांहीं नाहीं. एका शनिवारीं तो सहा बॅटऱ्या घेऊन आला. मागच्या रविवारीं वाऱ्यामुळें तीनच उडाल्या होत्या. म्हणजे तीन रिकाम्या आणि तीन भरलेल्या. तो म्हणाला, “मामा, सगळ्या एकदमच लावूं. भरलेल्या आहेत त्या तशाच राहतील, रिकाम्या आहेत त्या भरतील.” वरवर पाहतां यांत तर्काला धरून नाहीं असें कांहीं नव्हतें.

मीं त्याला कागद-पेन्सिल दिली. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टांवर, उडून आलेली ११.१ वर, फरक दीड व्होल्टाचा. आतां या दोघींमध्यें प्रवाहाला अडविणारें काय आहे? चार्जर नाहीं, दिवा नाहीं, मोटार नाहीं. आहे तो फक्त दोघींचा अंतर्गत रोध आणि जोडांचा थोडासा रोध. चांगल्या बॅटरींत हा रोध फार थोडा असतो, तेंच तिचें चांगलेपण. सगळा मिळून तो चाळीस मिलिओहम धरला तर ओहमच्या नियमानें प्रवाह येतो सदतीस अँपिअर. त्या बॅटरीला चार्ज करण्याचा शिफारशीचा प्रवाह २.२ अँपिअर आहे. म्हणजे जवळ जवळ सतरा पट. आणि तिन्ही भरलेल्या मिळून एकाच रिकामीवर तुटून पडल्या तर आंकडा याच्याहि वर जाईल. तोच फरक सेलमागें एक दशांश व्होल्टाच्या आंत असला, तर प्रवाह क्षणभर सात-आठ अँपिअरांवर जाऊन झपाट्यानें उतरतो आणि दोन-चार मिनिटांत सगळ्या एका पातळीवर येतात. म्हणून सेलमागें एक दशांश व्होल्ट ही या छंदांतली सर्वमान्य मर्यादा आहे. मी अर्धा दशांश पाळतों. एक दशांश ही मला मर्यादेची कड वाटते, आणि कडेवरून चालण्याचें माझें वय राहिलें नाहीं.

भाच्यानें आंकडा दोनदां मांडून पाहिला. मग त्याचा प्रश्न अगदीं योग्य आला: “पण मामा, हीच बॅटरी विमानांत मोटारीला चाळीस अँपिअर सहज देते. मग तेवढेच घ्यायला तिला काय होतें?”

याचें उत्तर लिथियमच्या स्वभावांत आहे, आणि तो स्वभाव कळण्यासाठीं थोडा इतिहास सांगावा लागतो. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं अमेरिकेंत एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेंत पुनःपुन्हां चार्ज होणारी लिथियम-बॅटरी केली तेव्हां तिचें ऋणाग्र शुद्ध लिथियम धातूचें होतें. चार्ज करतां करतां त्या धातूला केसासारखे कोंब फुटत. कोंब वाढत वाढत समोरच्या अग्राला भिडला कीं आंतल्या आंत शॉर्टसर्किट होऊन भडका उडे. अग्निशामक दलाला तेथें इतक्या वेळां धांवून यावें लागलें कीं, लिथियमची आग विझविण्याच्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडून घेऊं अशी त्यानें अखेर धमकी दिली, असें नोबेल पारितोषिकाच्या निवेदनांतच नमूद आहे. १९८० सालीं ऑक्सफर्डमध्यें जॉन गुडइनफ यांनीं कोबाल्ट ऑक्साइडचें धनाग्र शोधलें. आणि १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं त्याच्यासमोर लिथियम धातूऐवजीं कोळशाच्या जातीचें, कार्बनचें ऋणाग्र ठेवलें. लिथियमचे आयन त्या कार्बनच्या थरांत पाहुण्यासारखे जाऊन बसतात आणि वेळ आली कीं उठून परत जातात. धातु म्हणून कोठेंच सांचून राहत नाहींत. योशिनो यांनीं आपल्या बॅटरीवर लोखंडाचा मोठा ठोकळा टाकून पाहिला; कांहीं झालें नाहीं. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर टाकला तेव्हां स्फोट झाला. १९९१ सालीं ही बॅटरी बाजारांत आली आणि २०१९ सालीं तिघांना मिळून रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें. त्या वेळीं गुडइनफ यांचें वय ९७ होतें.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे येतां येतें. बॅटरी प्रवाह देते तेव्हां पाहुणे उठून बाहेर पडत असतात. ती घेते तेव्हां ते आंत येऊन जागा शोधीत असतात. सभागृहांतून एकदम बाहेर पडणें सोपें, पण दारांतून एकदम आंत शिरून जो तो आपापल्या खुर्चीवर बसणें कठीण. आयन अतिशय वेगानें लोटले, किंवा थंडीनें त्यांची चाल मंदावलेली असली, किंवा सगळ्या जागा भरल्यावरहि आणखी पाठवीत राहिलें, तर त्यांना थरांत शिरावयास सवड मिळत नाहीं. ते दाराशींच थबकतात आणि तेथें धातुरूप लिथियमचा लेप बसूं लागतो. योशिनो यांनीं जो धातु बॅटरींतून घालविला तोच आपण आपल्या घाईनें तिच्यांत परत आणतों. आणि हें बाहेरून दिसत नाहीं. बॅटरी त्या दिवशीं पेटत नाहीं, फुगत नाहीं, दुसऱ्या दिवशीं विमानहि उडवून आणते. त्यामुळें ज्यानें तें केलें त्याला आपण केलें तें ठीकच होतें असा अनुभव पाठीशीं बांधतां येतो.

भाच्यानें तीन भरलेल्या बाजूला ठेवल्या आणि तीन रिकाम्या लावल्या. लावण्याचाहि क्रम आहे. आधीं जाड तारा जोडावयाच्या, मग तीन-चार मिनिटें थांबावयाचें, आणि बॅटऱ्यांचे दाब आपसांत जुळल्यावरच बारीक तारा. उलट केलें तर बरोबरी साधणारा सगळा प्रवाह त्या केसासारख्या तारांतून धांवतो. त्या प्रवाह मोजण्यासाठीं आहेत, वाहण्यासाठीं नाहींत. चांगल्या बोर्डावर प्रत्येक मार्गाला फ्यूज असतो. तो नसलेला बोर्ड दोनशें रुपये स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्या माणसाशीं मी वाद घालीत नाहीं. त्याच्या घरीं मात्र शनिवारीं संध्याकाळीं चहाला जात नाहीं. आणि जोडतांना धन कोणतें व ऋण कोणतें हें तोंडानें म्हणावें. घाईंत उलटा लागलेला एक जोड वरच्या सगळ्या आंकड्यांना मागें टाकतो.

चार्जरला सांगावयाचें तेंहि नीट सांगावें लागतें. सेल तीनच सांगावयाचे, नऊ नव्हेत. प्रवाह मात्र सर्वांच्या पोटांची बेरीज करून: २२०० च्या तीन, म्हणजे ६६००, म्हणून ६.६ अँपिअर. त्याला साधारण ८५ वॉटचा चार्जर हवा. पन्नास वॉटचा असेल तर तो चार अँपिअरांवरच थांबेल आणि तासाचे दोन तास होतील. पुष्कळांना वाटतें कीं पॅरलल बोर्डानें वीज अधिक वेगानें येते. बोर्ड हा पाट मांडणारा आहे. वाढण्याचा वेग वाढप्याच्या हातांतच असतो.

एकदां चार्ज सुरू झालें कीं मग चार्जरच्या लहानशा पडद्यावर तीनच आंकडे दिसतात: पहिल्या सेलचा दाब, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. वास्तविक तेथें नऊ सेल आहेत. तिन्ही बॅटऱ्यांचे पहिले सेल मिळून चार्जरला एकच पहिला सेल दिसतो. त्यांतला एखादा आंतून कमजोर झाला असला, हळूहळू गळत असला, तर त्याचे दोन शेजारी आपल्यांतलें काढून त्याला देत राहतात आणि पडद्यावरचा आंकडा सभ्यपणें तसाच राहतो. किती मिलिअँपिअर-तास आंत गेले तें चार्जर सांगतो, पण तेंहि सर्वांचें मिळून. कोणी किती घेतलें तें त्याला ठाऊक नसतें. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यामुळें हा प्रकार मला फार ओळखीचा वाटतो. वर्गाचा निकाल शेंकडा अमुक लागला हें पत्रक वर जातें, वरचे लोक समाधान पावतात. आणि मागच्या बांकावरच्या ज्या एका मुलाला तीन महिन्यांपासून कांहींच समजत नाहीं, तो त्या शेंकडेवारींत इतका बेमालूम मिसळून जातो कीं त्याच्या शिक्षकालाच, आणि तोहि त्याला नांवानें ओळखत असेल तर, त्याचा पत्ता असतो. म्हणून बोर्डावर चढविण्यापूर्वीं प्रत्येक बॅटरीचा प्रत्येक सेल स्वतंत्र मोजावा. त्यासाठीं आगपेटीएवढें एक यंत्र मिळतें आणि तिघींना मिळून दोन मिनिटें लागतात. महिन्यांतून एकदां प्रत्येकीला एकटीला बसवून चार्ज करावें. म्हणजे तिची भूक किती उरली आहे, तिचा अंतर्गत रोध किती वाढला आहे, हें तिच्याच तोंडून कळतें.

इतपत भाच्याला पटलें. खरा वाद पुढेंच होता. तो आपल्या घरीं रात्रीं झोपतांना बॅटऱ्या लावून ठेवीत असे आणि पहांटे उठून काढीत असे. त्याचें घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचें. घराला दार एकच, आणि चार्जर ठेवण्याची जागा त्या दाराशेजारचें चपलांचें लांकडी कपाट. घरांत बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

मीं म्हटलें, “अरे, झोपेंत चार्ज करणें सोडून दे. आणि तें नाहीं तर निदान ती जागा तरी सोड.”

“मामा, आपण सगळेच फोन उशाशीं चार्जला लावून झोपतों. त्यांतहि लिथियमच असतें ना?”

असतें. पण फोनच्या बॅटरींत तिचा स्वतःचा पहारेकरी बसविलेला असतो. दाब वाढला, फार उतरला, प्रवाह अतोनात झाला, कीं तो वाट बंद करतो. तो एकटा सेल, घट्ट पेटींत, आणि त्याचा चार्जर त्याच्याचसाठीं ठरलेला. आमच्या विमानाच्या बॅटरींतून हा पहारेकरी वजन वांचविण्यासाठीं आणि प्रवाहाला आडकाठी नको म्हणून मुद्दाम काढून टाकलेला असतो. तिचा पहारेकरी म्हणजे जोडणारा माणूस. आणि तो घोरत असला तर पहारा कोणाचा? तो कांहीं बोलला नाहीं. नंतर म्हणाला, “हें मला दुकानदारानें कां नाहीं सांगितलें?” दुकानदारानें डब्यावर बारीक अक्षरांत तें सांगितलेलें होतें. पण असें छापलेलें सांगणें हें सांगणें नव्हे, हें मी त्याच्या बाजूनें कबूल करतों.

दाराचा मुद्दा मला सर्वांत अधिक टोंचत होता. २२०० ची एक बॅटरी सुमारें २४ वॉट-तास ऊर्जा बाळगते. सहा बॅटऱ्या म्हणजे जवळ जवळ १४६ वॉट-तास. एवढ्या ऊर्जेनें दीड लिटर पाणी उकळीला येईल. हा झाला विजेचा हिशोब. आंतला द्रव स्वतःच ज्वालाग्राही असतो, त्याची आंच निराळी. शिवाय धनाग्राचें ऑक्साइड फार तापलें कीं स्वतःच ऑक्सिजन सोडतें, त्यामुळें झांकण घालून हवा तोडली तरी आंतली क्रिया लगेच थांबत नाहीं. एका सेलच्या उष्णतेनें शेजारचा पेटतो. वाळूची बादली असते ती ज्वाळा आजूबाजूला पसरूं नयेत म्हणून. थंड करण्याचें काम भरपूर पाण्याचें. बाजारांत मिळणारी अग्निरोधक पिशवी ज्वाळेला थोडा वेळ थोपविते, धुराला नाहीं. आणि त्या धुरांत हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायु असतात. अशा वेळीं शहाणपण एकच: माणसांना बाहेर काढावें, दार ओढून घ्यावें आणि अग्निशामक दलाला बोलवावें. पण बाहेर काढावयाचें कोणत्या दारानें? घरांतली एकुलती एक वाट त्यानें त्याच कपाटाशेजारीं ठेवली होती. मीं हें मोठ्यानें म्हटलें नाहीं. चौथ्या मजल्याचा नकाशा त्याच्या डोळ्यांपुढें होताच. तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग मुलगी रात्रीं कोणत्या खोलींत झोपते हें आपण होऊन मला सांगूं लागला.

कांहीं जुने खेळाडू या पद्धतीलाच विटाळ मानतात. त्यांचें म्हणणें, एकेक बॅटरी लावावी, घाई कोणाला आहे? मी त्या पंथाचा नाहीं. एकेक लावली तरी बेसावध माणूस बेसावधच राहतो. उलट सहा वेळां जोडणें-काढणें आलें कीं सहावी वेळ कंटाळ्याची असते, आणि शेवटची बॅटरी निजण्याच्या वेळेला लागते. समान दाबाच्या, एका जातीच्या, धडधाकट बॅटऱ्या मोजून-मापून समांतर लावल्या तर त्यांत भिण्यासारखें फार थोडें उरतें. सहाजणींची एकच पंगत मात्र मी बसवीत नाहीं. तीन-तीनच्या दोन पंगती करतों. कारण बिघडलेंच तर फरशीवर किती ऊर्जा असावी हें ठरविणें आपल्या हातांत असतें. यांत एक तास अधिक जातो. तो तास खुर्चीवर बसून काढावयाचा, ही घरांतून मला घातलेली अट आहे. मंडळींचें म्हणणें असें कीं, खेळ तुमचा आहे तर राखणहि तुम्हींच करावी. या अटीमुळें गेल्या दोन वर्षांत माझें बरेंच राहून गेलेलें वाचन झालें. मात्र कादंबरी घेऊन बसण्यांत अर्थ नाहीं. दर दहा मिनिटांनीं बॅटऱ्यांना हात लावून पाहावें लागतें. चार्ज होतांना त्या फार तर कोमट लागाव्या, गरम नव्हे. आणि रंगांत आलेल्या कादंबरींतून दर दहा मिनिटांनीं उठणारा वाचक मला अजून भेटला नाहीं. मी कोश वाचतों.

भाचा आतां शनिवारीं आमच्याकडेच येतो. नाहीं तर घरच्या मोकळ्या बाल्कनींत, जागेपणीं, दोन-दोन बॅटऱ्या लावतो. त्यानें सहाहि बॅटऱ्यांवर क्रमांक चिकटविले आहेत आणि एक वही केली आहे. प्रत्येक वेळीं जोडण्यापूर्वींचे दाब तींत लिहिले जातात. गेल्या महिन्यांत पांचव्या क्रमांकाचा मधला सेल इतरांहून पंधरा शतांश व्होल्ट खालीं निघाला. माळावर त्या बॅटरीनें कसलीहि तक्रार केली नव्हती, चार्जरनेंहि कधीं केली नव्हती. तिला बाजूला काढून एकटीला चार्ज केलें, दोन दिवस ठेवून पुन्हां मोजलें. सेल पुन्हां उतरलेला. ती पंगतींतून कायमची उठली. तिच्यांतली वीज हळूहळू उतरवून, टोकांना चिकटपट्टी लावून, ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर देऊन टाकावयाची असें ठरलें. नव्या बॅटरीला दीड हजार रुपये पडतील म्हणून भाचा जरा हळहळला.

उरलेल्या पांच आतां पावसाळ्यासाठीं ठेवावयाच्या आहेत. या चार महिन्यांत माळावर चिखल आणि ढग. विमानें खुंटीला टांगून राहतात. बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवल्या तर आंतून झिजतात आणि फुगतात. रिकाम्या ठेवल्या तर उतरत उतरत सेलमागें तीन व्होल्टांच्या खालीं जातात आणि मग उठत नाहींत. म्हणून सेलमागें ३.८ व्होल्ट, अर्धपोटीं, थंड कोरड्या जागीं, पत्र्याच्या डब्यांत, एकमेकींची टोंकें एकमेकींना लागणार नाहींत अशा बेतानें. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळीं आम्ही दोघे तेंच करीत बसलों होतों. पांचहि बॅटऱ्या मोजून झाल्यावर भाच्यानें वहींत तारीख घातली आणि खालीं लिहिलें: पुढची तपासणी श्रावणांत.